दाताचा खोडवा एकदाच

ऊस लावणाऱ्याला खोडवा समजावून सांगायला नको. लागण तुटली की बुडखा फुटतो, निगा चांगली असेल तर निडवाही निघतो. माणसाच्या तोंडात मात्र दुधाचे दात ही लागण आणि पक्के दात हा खोडवा. निडवा नाही. पक्का दात गेला की पुढचे सगळे माणसाच्या हातचे काम.

हे लिहायला कारण घडले आमच्या घरीच. आमचे थोरले बंधू सत्तरीचे. उभ्या जन्मात ऊस दातानेच सोलला, वर पहाटेची मिश्री. पुढचा एक दात पडला तेव्हा बाजारात रस्त्याकडेला पेटी मांडून बसलेल्या एका माणसाकडून दहा मिनिटांत दात बसवून आले. आम्ही म्हणालो, "दादा, डॉक्टरला तरी दाखवायचं." तर म्हणाले, "दात बसला न्हवं? मग डॉक्टर कशाला?" त्या गड्याने नवा दात मसाला लावून शेजारच्या दोन दातांना चिकटवून टाकला होता. खाली अन्न अडकू लागले, हिरडी सुजली आणि वर्षाच्या आत ते दोन धड दातही गेले. एकाचे तीन झाले. दंतवैद्याची नोंदणी असावी असा कायदा आपल्याकडे १९४८ सालापासून आहे; दवाखान्यात नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

वडगावजवळच नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी, पण खेटे जास्त पडतात. दादांना तिथेच नेले.

पहिली गोष्ट कळली ती ही की, दुखतो म्हणून दात उपटायची घाई करू नये. कीड वरवरची असेल तर भरून भागते. नसेपर्यंत गेली असेल तर रूट कॅनॉल करून, म्हणजे आतली नस काढून, पोकळी साफ करून भरतात. दाढ असेल तर वर टोपी बसवावी लागते, नाहीतर ती भाकरी खाताना चिरते. पैसे वाचवायला टोपी टाळणारे पुष्कळ भेटतात.

दात गेलाच असेल तर तीन वाटा. काढता-घालता येणारे दात सर्वांत स्वस्त. पण दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, म्हणून ते काही वर्षांनी सैल होतात. दुसरा पूल. त्यासाठी शेजारचे चांगले दात घासून बारीक करावे लागतात, आणि ते भक्कम असावे लागतात. तिसरे इम्प्लांट, हाडात टायटॅनियमचा स्क्रू. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनच्या ब्रेनेमार्क यांना सशांवरील प्रयोगात दिसले आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. बहुधा तीन ते सहा महिने थांबून वर दात चढवतात. खर्च मोठा. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल तर स्क्रू हाडात न धरण्याचा धोका वाढतो.

दादांची रक्तातली साखर चढलेली. (साखर पिकवणाऱ्यांच्या घरी हेही पीक आता जोरात आहे.) शेजारचे दात पूल पेलणारे नव्हते. इम्प्लांट करायचे तर आधी साखर खाली आणा, मिश्री सोडा, असे डॉक्टरांनी सांगितले. "अजून किती दिवस जगायचंय मला?" म्हणत दादांनी काढते-घालते दात घेतले. पहिले आठ दिवस "तोंडात लगाम घातलाय" म्हणून कुरकुर. आता भाकरी जाते, रात्री दात वाटीतल्या पाण्यात असतात. मिश्रीची डबी वहिनींनी लपवली आहे.

सहा वर्षांच्या नातवाला मागे नवी दाढ फुटली. पुढचे दुधाचे दात न पडताच येणारी ही दाढ पक्की असते, पण घरोघर ती दुधाचीच समजून सोडून देतात. परवा दादा स्वतःच त्याला पारगावला घेऊन गेले आणि दाढेच्या खोल खाचा भरून आणल्या.