जिना कोणाचा?

घराच्या उंबरठ्याच्या आंतला दिवा विझला तर तो त्याच संध्याकाळीं बदलला जातो. तोच दिवा जिन्यावर विझला तर त्याला आठवडा लागतो, कधीं महिनाहि लागतो. आणि तेवढ्या अवधींत त्या जिन्याचा रोज उपयोग करणारीं वीस कुटुंबें कठड्याला हात लावून अंधारांतून चांचपडत जातात. दिव्याची किंमत कोणाला परवडत नाहीं असें नव्हे. अडतें तें एवढ्यावरच कीं, जिना कोणाचा? 'सर्वांचा' हें उत्तर तोंडावर असतें. परंतु मुंबईसारख्या शहरांत एका छपराखालीं अनेक बिऱ्हाडें राहूं लागल्यापासून या उत्तराचा अर्थ तीन-चार वेळां पालटला आहे, आणि आजहि तो पुष्कळांना नीट ठाऊक नसतो.

चाळीच्या काळीं प्रश्न सरळ होता. जिना, सज्जा, अंगण, नळ, संडास हीं सारीं मालकाचीं; भाडेकरूचा हक्क आपल्या खोलीपुरता. सन १८९६ च्या प्लेगनें मुंबईंतील कोंदट वस्तीचें भयंकर रूप उघडें पाडलें, तेव्हां १८९८ मध्यें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढें १९२० नंतरच्या दशकांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें बी. डी. डी. चाळी या नांवानें प्रसिद्ध असलेल्या २०७ इमारती उभ्या केल्या. तळमजला व वर तीन मजले, एकेका इमारतींत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास प्रत्येक मजल्यावर सामायिक, अशी त्यांची रचना होती. मालकी सरकारची खरी. पण सज्जा कोणीं केव्हां धुवावा, नळावर पहिली घागर कोणाची, हें सरकार ठरवीत नव्हतें. तें पाळीनें ठरे. ही पाळी कोठें लिहिलेली नसे, आणि ती मोडणाऱ्या बिऱ्हाडाला मजल्यावरच्या बायकांचें बोलणें ऐकून घ्यावें लागे, एवढीच तिची शिक्षा. गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तोहि अशाच सामायिक जागेच्या आधारावर. मालकी एकाची आणि वहिवाट सर्वांची, हा प्रकार ओढगस्तीचा असला तरी तो चाले.

तो बिघडला भाडेनियंत्रणानें. सन १९४७ च्या मुंबईच्या कायद्यानें भाड्याचें प्रमाण १ सप्टेंबर १९४० च्या दराशीं बांधून टाकलें. युद्धोत्तर टंचाईंत भाडेकरूंचें रक्षण करणें अवश्यच होतें. परंतु भाडें गोठलें तरी चुना, सिमेंट व गवंड्याची मजुरी हीं गोठलीं नाहींत. दुरुस्तींत घातलेला रुपया परत येण्याची आशा उरली नाहीं तेव्हां मालकानें जिन्याकडे पाहणें सोडलें, आणि जिना आपला नव्हे म्हणून भाडेकरूनेंहि सोडलें. जुन्या इमारती कोसळूं लागल्या. अखेर १९६९ च्या कायद्यानें इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निघालें व शहरांतील १९ हजारांहून अधिक जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीचा भार या मंडळाकडे सोंपविण्यांत आला. म्हणजे आतां जिना मालकाचा, वहिवाट भाडेकरूची आणि डागडुजी मंडळाची. तिघांनीं वांटून घेतलेली जबाबदारी बहुधा कोणाच्याच अंगाला लागत नाहीं, हें गिरगांव-काळबादेवीकडील टेकू दिलेल्या इमारतींनीं पुरेसें दाखविलें आहे.

याहून वेगळी एक वाट मात्र यापूर्वींच निघाली होती. हिंदुस्थानांतील १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता; १९१२ च्या कायद्यानें इतर कामांसाठींहि सहकारी संस्था काढण्याची मोकळीक मिळाली. तिचा लाभ घेऊन १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. देशांतील सहकारी गृहसंस्थांचा आरंभ येथूनच धरतात. या योजनेंतील कल्पना आजहि लक्षांत घेण्यासारखी आहे. इमारत संस्थेची, सभासद हा त्या संस्थेचा भागीदार आणि त्या नात्यानें आपल्या गाळ्याचा धारक. तो एका हातानें पैसे देतो आणि दुसऱ्या हातानें मालक म्हणून घेतो. 'मालक दुरुस्ती करीत नाहीं' अशी तक्रार येथें करावयाची झाली तर ती आरशासमोर उभें राहूनच केली पाहिजे.

पुढें १९६० मध्यें महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा झाला, १९६३ मध्यें सदनिका विकणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांवर बंधनें घालणारा कायदा झाला आणि १९७० मध्यें अपार्टमेंट मालकीचा निराळा कायदा आला. या शेवटच्या दोहोंचा अर्थ घर घेणारांपैकीं फार थोडे जाणतात. सहकारी संस्थेंत जमीन व इमारत संस्थेच्या नांवें होते. अपार्टमेंटच्या पद्धतींत सदनिका ज्याची त्याची खासगी मिळकत असते, आणि जिना, गच्ची, जमीन यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा शेंकडेवारीनें नोंदलेला असतो. हा हिस्सा सदनिकेपासून तोडून विकतां येत नाहीं.

मग सामायिक म्हणजे नेमकें काय? जिना, लिफ्ट, गच्ची, कुंपण, पाण्याच्या टाक्या हीं कोणीहि सांगेल. परंतु एखाद्याच्या स्वयंपाकघरांतून वर गेलेला खांब, दिवाणखान्यावरची तुळई, बाहेरील भिंत हींहि सामायिकच होत. कारण तीं काढलीं तर केवळ त्या घराचें नव्हे तर सात मजल्यांचें छप्पर खालीं येईल. घर मोठें दिसावें म्हणून भिंत पाडण्यास गवंडी बोलावणारा सभासद आपल्या घराची सजावट करीत आहे असें समजतो. वस्तुतः तो शेजाऱ्यांच्या मालमत्तेवर घण घालीत असतो. तळमजल्यावर खांबांमध्यें मोटारींसाठीं मोकळी सोडलेली जागा विकासक स्वतंत्रपणें विकीत असत. सन २०१० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ती जागा इमारतीच्या सामायिक भागांतच मोडते, ती वेगळी विकतां येत नाहीं. या निर्णयाला इतकीं वर्षें लोटलीं, तरी मोटारींच्या जागेवरून होणारीं भांडणें कांहीं कमी झालीं नाहींत.

सामायिक भागांत सर्वांत दुर्लक्षित जागा गच्ची, आणि इमारतीचें आयुष्य ठरतें तें तेथेंच. मुंबईंत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. गच्चीच्या उतारांत थोडी चूक असली किंवा पाणी जाण्याचें तोंड पानांनीं तुंबलें, तर एका कोपऱ्यांत डबकें साचतें. विटांच्या तुकड्यांचा कोबा जुना होऊन त्याला केसासारख्या भेगा पडलेल्या असतात. त्यांतून पाणी खालीं मुरतें व काँक्रीटमधील लोखंडी सळईपर्यंत पोंचतें. ताज्या काँक्रीटमध्यें क्षाराचा गुण असतो, तोंवर सळई सुरक्षित राहते. पण हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु वर्षानुवर्षें आंत शिरून तो गुण नाहींसा करतो, आणि समुद्रकांठची खारी हवा त्यांत भर घालते. मग सळई गंजूं लागते. गंज हा मूळ लोखंडाहून कित्येक पट जागा व्यापतो. त्याला आंत जागा नसल्यामुळें तो भोंवतालचें काँक्रीट फोडून बाहेर येतो. वरच्या मजल्यावरील गृहिणीला प्रथम छतावर पिवळट डाग दिसतो, नंतर पापुद्रे सुटतात, आणि एके दिवशीं पाळण्यावर किंवा पाटावर ढलपा पडतो. या सर्व प्रकाराचा आरंभ तुंबलेल्या एका तोंडांत झालेला असतो, आणि तें मोकळें करण्यास मे महिन्यांतली एक सकाळ पुरली असती.

भिंतीवरील पिंपळाचें रोप हेंहि असेंच. पांखराच्या विष्ठेंतून पडलेलें बीं सांडपाण्याच्या नळाजवळच्या ओलींत रुजतें. हाताच्या बोटाएवढें असतां तें उपटणें सोपें. वरून कापून टाकलें तर मूळ आंत वाढतच राहतें.

गळतीचा खर्च कोणीं द्यावा, यावर सोसायट्यांत जितकें वैर माजतें तितकें क्वचितच कशावर माजत असेल. वास्तविक आदर्श उपविधींत याचें उत्तर दिलेलें आहे. गच्चींतून, बाहेरील भिंतींतून किंवा सामायिक नळांतून होणारी गळती, मग ती पावसाची असली तरी, संस्थेनें आपल्या खर्चानें दुरुस्त करावयाची. तिचा त्रास एकट्या वरच्या मजल्याला होत असला तरी खर्च सर्वांचा. उलट वरच्या घरांतील न्हाणीघराची फरशी झिरपून खालच्या घरांत पाणी पडत असेल, तर ती दुरुस्ती त्या घरवाल्यांची. पहिल्या मजल्यावरील सभासद 'गच्चीशीं माझा काय संबंध?' असें विचारतो, तेव्हां त्याचें घर ज्या खांबांवर उभें आहे त्यांतूनच गच्चीचें पाणी उतरत असतें.

पैशांच्या वांटणीचेंहि एक शास्त्र आहे. झाडलोट, जिन्यावरचे दिवे, रखवालदार, हिशेब यांचा खर्च सोसायटींत घराच्या आकारावर नव्हे, तर घरटी सारखा आकारतात; मोठ्या घराचा जिना कांहीं अधिक झाडावा लागत नाहीं. लिफ्टचा खर्चहि, वापर असो वा नसो, त्या इमारतींतील सर्वांवर सारखा. पाण्याचा आकार नळांची संख्या व त्यांचा व्यास पाहून. अपार्टमेंट पद्धतींत मात्र सामायिक खर्च नोंदलेल्या हिश्श्याच्या प्रमाणांत वांटला जातो. म्हणून शेजारशेजारच्या दोन इमारतींत एकाच कामाचा खर्च दोन रीतींनीं वांटलेला दिसला तर त्यांत लबाडी असेलच असें नव्हे.

दुरुस्ती निधीसाठीं बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठीं किमान पाव टक्का गोळा करावा, असें आदर्श उपविधी सांगतात. ज्या घराच्या बांधकामाचा खर्च १० लाख रुपये धरला आहे, त्याला वर्षाला पहिल्यासाठीं ७,५०० व दुसऱ्यासाठीं २,५०० रुपये द्यावे लागतील. तीस वर्षांत सिंकिंग फंडांत व्याज सोडून अवघे ७५,००० रुपये जमतात, म्हणजे मूळ खर्चाचे साडेसात टक्के; आणि तीस वर्षांनीं सिमेंटचे व मजुरीचे दर कोठें गेलेले असतील याची कल्पना करणें कठीण नाहीं. 'किमान' या शब्दाचा अर्थ बहुतेक सभांमध्यें 'कमाल' असा केला जातो, येथेंच सारें अडतें. पुढील पिढीवर टाकलेलें ओझें म्हणजे काटकसर, अशी समजूत करून घेतलेली असते.

टाक्यांची गोष्ट आरोग्याशीं संबंधित आहे. पाणी दिवसाचे थोडेच तास येतें, म्हणून तळाशीं एक व गच्चीवर एक अशा टाक्या बांधाव्या लागतात. मुंबईंतील हिंवतापाची चौकशी करून चार्ल्स बेंटले यांनीं १९११ मध्यें अहवाल दिला, त्यांत हिंवताप पसरविणारा डांस शहरांतील विहिरींत वाढतो असें दाखविलें होतें. विहिरी बुजल्या किंवा झांकल्या गेल्या, तेव्हां त्याच डांसानें गच्चीवरील टाक्यांचा आश्रय केला. ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हें त्याचें नांव. झांकण घट्ट नसलेली एक टाकी साऱ्या आळीला ताप देऊं शकते. डेंग्यूचा डांस तर कुंडीखालच्या ताटलींतल्या स्वच्छ पाण्यांतहि आठ-दहा दिवसांत तयार होतो. झांकण व चढण्यास मजबूत शिडी, एवढाच हा खर्च.

आतां पुन्हा जिन्याकडे. दाराबाहेर चपलांचें कपाट, त्याच्याशेजारीं मोडकी सायकल, वर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, ही देखाव्याची बाब नव्हे. आग लागली म्हणजे लिफ्ट बंद करावी लागते, आणि खालीं येण्याचा मार्ग धुरानें भरलेला तोच एक जिना असतो. त्या धुरांत कपाट दिसत नाहीं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतींतील अग्निशामक साधनें चालू असल्याचें प्रमाणपत्र दरवर्षीं जानेवारींत व जुलैंत द्यावें लागतें. पुष्कळ ठिकाणीं कागद वेळेवर जातो, पण नळांत पाणी नसतें.

हें सारें सांभाळणारे कार्यकारी मंडळ बहुधा बिनपगारी असतें. चिटणीस हा दिवसा आपली नोकरी करून रात्रीं दुसऱ्याच्या गळतीची तक्रार ऐकणारा गृहस्थ. त्याच्यावर संशय घेणें सोपें, त्याच्या जागीं बसणें अवघड. तरी हिशेब मागणें हा सभासदाचा हक्कच आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयास हवी. तेथें हिशेब मांडले जातात व पुढील कामांना मंजुरी मिळते. थकलेल्या वर्गणीवर जास्तींत जास्त दरसाल २१ टक्के सरळ व्याज लावतां येतें, आणि वसुलीसाठीं निबंधकाकडून दाखला मिळवितां येतो. पंधरा वर्षें झालेल्या इमारतीची तपासणी दर पांच वर्षांनीं व तीस वर्षांहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनीं रचनातज्ज्ञाकडून करून घ्यावी, असा उपविधींचा दंडक आहे. हा अहवाल सभेपुढें येतो तेव्हां त्यावर दहा मिनिटें चर्चा होते. मोटारींच्या जागांवर दोन तास.

ज्या बी. डी. डी. चाळींपासून प्रारंभ केला, त्यांच्या जागीं आतां मनोरे उभे राहत आहेत. वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्यें नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागीं ५०० चौरस फूट; नळ व संडास, ज्यांच्यासाठीं शंभर वर्षें पाळी लावावी लागली, ते आतां प्रत्येकाच्या दाराच्या आंत गेले. दाराबाहेर जे आले ते म्हणजे लिफ्ट, पाणी चाळीस मजले वर चढविणारे पंप, आगीसाठीं भरून ठेवावयाचे नळ आणि या सर्वांचें महिन्याचें बिल.