गाडीच्या पाट्यांत पाणी मुरू देऊ नका

पावसाळा तोंडावर आला की आपण दुकानाचे पत्रे तपासतो, गोदामातील गाठी फळ्यांवर चढवतो, ताडपत्र्या शिवून घेतो. ज्या गाडीवर माल जातो-येतो, तिच्या खाली मात्र कोणी वाकून पाहत नाही. त्यातही सुटे भाग जमवून बांधलेली जुनी जीप असेल तर पाणी कोठून शिरेल आणि कोठून निघेल याचा विचार बांधणाऱ्या कारागिरालाच करावा लागतो.

सुट्या भागांची जीप ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेल्या कंपनीने १९४७ पासून विलीज जीप जोडल्या, त्या परदेशातून आलेल्या सुट्या भागांतूनच. पुढच्याच वर्षी तिचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. नाशिकच्या कारखान्यातून निघणारी बोलेरो याच कंपनीची. जुन्या जीपला चारही चाकांवर पाटे असत. आजच्या पिकअपलाही मागे पाटेच आहेत, म्हणून ही माहिती दोघांच्या उपयोगाची आहे.

पाणी साचते कोठे? पाटे जेथे चासीला टांगलेले असतात त्या पेटीसारख्या ब्रॅकेटमध्ये, चासीच्या बंद टोकांत, शॉकअबच्या खालच्या वाटीत आणि पाट्यांच्या थरांमध्ये. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाटातून आलेली गाडी चिखलासह पाणी घेऊन येते. चिखल निघण्याच्या भोकात बसतो आणि पाणी आतच राहते.

कारागीर म्हणतात, ‘चारी बाजूंनी वेल्डिंग केले आहे, पाणी जाईल कसे?’ वेल्डिंगमध्ये सुईएवढे भोक राहिले तरी पुरते. उन्हाने किंवा चालण्याने पोकळ भाग तापतो, आतली हवा बाहेर पडते. मग गाडी थंड पाण्यातून गेली की तोच भाग हवा परत ओढतो, आणि हवेबरोबर पाणीही. त्या बारीक भोकातून ते सहज बाहेर पडत नाही. कापडवाल्याला हे समजावून सांगायला नको. ओलसर गाठ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळली तर ती उघड्या गाठीपेक्षा लवकर कुजते.

म्हणून पोकळ भाग एक तर पूर्ण बंद करावा, नाही तर तळाला नीट उघडा ठेवावा. अर्धवट काम सर्वांत वाईट. कंपनीने ठेवलेली भोके आधी तारेने साफ करावीत. अनेक गाड्यांत ती रंगाने किंवा डांबराने बुजलेली सापडतात. नवे भोक पाडायचेच असेल तर ब्रॅकेटच्या सर्वांत खालच्या, भार नसलेल्या कोपऱ्यात, वेल्डिंगपासून दूर पाडावे. कडा घासून रेड ऑक्साइड लावावा. चासीच्या खालच्या पट्टीवर मनाने ड्रिल चालवू नये, भार तेथेच येतो. पाट्याला तर भोकही नको आणि वेल्डिंगही नको. तो कडक केलेला पोलादी असतो, चीर तेथूनच सुरू होते.

२००७ साली पीथमपूरला सुरू झालेल्या बाहा स्पर्धेसाठी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी नळीच्या गाड्या बांधतात. त्यांच्या चाकांचे हात पोकळ नळ्यांचे असतात. अशा नळीला भोक पाडून ती कमजोर करण्यापेक्षा टोके पक्की बंद करणे बरे. एक सावधगिरी जरूर पाळावी: आत पाणी शिरलेल्या बंद नळीवर वेल्डिंग करू नये. वाफ कोंडून ती फुटते व माणूस जखमी होतो.

पाट्यांच्या थरांत गंज चढला की त्याला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे थर एकमेकांपासून दूर लोटले जातात. पाटे अडकतात, गाडी आदळू लागते, आणि गंजाने पडलेल्या खड्ड्यातून एखादा पाटा भरल्या मालासह घाटात तुटतो. यासाठी पावसाळ्यापूर्वी पाटे उतरवून, घासून ग्रॅफाइट ग्रीस लावून घ्यावे. काही जण जळके ऑइल ओततात; त्याने रबरी बुश फुगून खराब होतात आणि धूळही चिकटते. शॅकलला ग्रीस निपल असेल तर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे, म्हणजे आतले पाणीही बाहेर ढकलले जाते.

गाडी धुतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रॅकेटखाली कोरडा कागद ठेवून भोकात तार फिरवावी. कागद ओला झाला तर पाणी रात्रभर आतच होते. मग हातोडीने हलके ठोकून पाहावे. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. तसा आवाज आला तर माल भरण्याआधी गाडी वेल्डरला दाखवावी.