आघातोत्तर तणावविकार आणि संमोहन उपचार : आपले क्षेत्र, आपल्या मर्यादा

दुसरबीडजवळ तढेगाव शिवारात २० ऑगस्ट २०२१ रोजी समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजूर व लोखंडी सळया वाहून नेणारे वाहन उलटले आणि १३ मजूर मृत्युमुखी पडले. पुढे १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर याच सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी दगावले, आठ वाचले. अशा प्रसंगी मृतांचा आकडा वृत्तपत्रांत येतो, जखमींवर शल्योपचार होतात. परंतु जे वाचले, ज्यांनी मदतीस धावून मृतदेह बाहेर काढले, त्यांच्या मनाची नोंद कोठे होते? काही आठवड्यांनी ही मंडळी आपल्याच चिकित्सालयाची पायरी चढतात. 'भीती वाटते' असे मात्र कोणी म्हणत नाही. झोप नाही, छातीत धडधडते, अन्न पचत नाही, एवढेच सांगतात.

येथे स्वतःची चूक सांगणे योग्य ठरेल. निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थांना मी कित्येक महिने सर्पगंधायुक्त गोळ्या देत होतो. त्यांनी एका अपघातात जखमींना वाहनाबाहेर ओढून काढले होते, हे मी विचारलेच नाही. सर्पगंधेतील रेसर्पिनमुळे विषण्णता बळावू शकते, हे आपण सारे शिकलो आहोत. तरीही लक्षण दिसले की गोळी, ही सवय सुटत नाही. त्यांच्या पत्नीने एके दिवशी सांगितले, "हे रात्री ओरडत उठतात आन् हात धुत बसतात." तेव्हा माझे डोळे उघडले.

नको असताना प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्याची आठवण देणारी जागा व माणसे टाळणे, मन बधिर होणे, सतत दचकणे ही लक्षणे एक महिन्याहून अधिक टिकली व नित्य व्यवहारात अडथळा आला, तर आधुनिक वैद्यक त्यास आघातोत्तर तणावविकार म्हणते. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात हे निदान १९८० मध्ये आले. आपल्या संहितांत या नावाचा व्याधी नाही आणि ओढूनताणून तो शोधूही नये. तथापि भय व शोक ही व्याधीची कारणे होत, हे चरकाचार्यांनी अतिसारापासून उन्मादापर्यंत मान्य केले आहे, आणि अहितकर विषयांपासून मनास आवरणारी सत्त्वावजय चिकित्सा त्यांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सांगितली आहे. संमोहनाचा विचार आपण याच अंगाने करावा.

संमोहन म्हणजे रंगमंचावरील करमणूक नव्हे, निद्राही नव्हे. रुग्ण जागा असतो, ऐकतो, नको असेल तेव्हा थांबू शकतो. श्वासावर वा एखाद्या बिंदूवर लक्ष स्थिर करून शरीर शिथिल केले जाते. अवधान एकवटते आणि सूचना ग्रहण करण्याची क्षमता वाढते. आघाताच्या रुग्णास प्रथम एखादे सुरक्षित स्थान मनात उभे करण्यास शिकवितात. स्वतःचे शेत असो वा घरचे अंगण. ते दृढ झाल्यावरच प्रसंगाकडे वळायचे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या पद्धतीत रुग्ण दुभंगलेला पडदा कल्पितो : एका बाजूस तो प्रसंग, दुसऱ्या बाजूस त्या क्षणी स्वतःस वा इतरांस वाचविण्यासाठी त्याने जे केले ते. स्मृती पुसली जात नाही, परंतु 'मी काहीच करू शकलो नाही' हे शल्य सैल होते. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या बाबतीत मला हीच बाजू महत्त्वाची वाटली. त्यांना मेलेली माणसे दिसत. त्यांनी वाचविलेली दिसतच नसत.

परिणामाचे पुरावे किती? १९८९ मध्ये ब्रॉम व सहकाऱ्यांनी ११२ आघातग्रस्तांवर केलेल्या अभ्यासात संमोहन उपचार घेणारे प्रतीक्षायादीतील रुग्णांपेक्षा अधिक सुधारले. परंतु अन्य दोन मानसोपचारांनीही सुधारणा झाली होती. २००५ मध्ये ब्रायंट व सहकाऱ्यांनी ८७ जणांच्या अभ्यासात वर्तन-विचार उपचारास संमोहनाची जोड दिली. उपचार संपतेवेळी प्रसंग पुन्हा अनुभवण्याचे लक्षण अधिक घटले, पण पुढील तपासणीत तो लाभ टिकला नाही. म्हणजे संमोहन हे अनुपान समजावे. मुख्य उपचार आघातकेंद्री मानसोपचार हाच.

मर्यादाही गंभीर आहेत. संमोहनात आठवलेले सर्वच खरे नसते. कल्पित तपशील खऱ्याइतक्याच खात्रीने सांगितला जातो. अपघातग्रस्त अनेकदा न्यायालयात साक्षीदार असतो, म्हणून 'नेमके काय झाले' हे खणून काढण्यासाठी संमोहन वापरू नये. भास, भ्रम, आत्महत्येचे विचार वा मद्याचा अंमल असता तर ते सर्वथा वर्ज्य. उन्मादात सांगितलेली त्रासन चिकित्साही येथे नको. भयज विकारात विरुद्ध भावाने शमन करावे, हा आचार्यांचाच नियम आहे. भ्यालेल्यास आणखी भिववून काय साधणार?

आणि अधिकाराचा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरास मानसिक आरोग्य व्यावसायिक मानले आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीने तो दर्जा मिळत नाही. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून आघातग्रस्तास संमोहित करणे मला तरी धाडसाचे वाटते. आपण ओळखावे, धीर द्यावा, अभ्यंग, शिरोधारा, पथ्य व निद्रेची घडी सांभाळावी, आणि प्रशिक्षित तज्ज्ञाकडे पाठवावे. घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून सविस्तर प्रसंग सांगावयास लावणेही टाळावे; त्याने लाभ होत नाही.

औषधविक्रेते बंधूंना एक विनंती. झोपेच्या औषधासाठी तोच ग्राहक वारंवार आला, तर पुडी बांधण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे केव्हापासून, आणि त्याआधी काय घडले? आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात बेंझोडायझेपिन गटातील औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सांगितले आहे. टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दुकानात दिसेल असा लावून ठेवावा.

त्या गृहस्थांना मी तज्ज्ञांकडे पाठविले. सर्पगंधा हळूहळू थांबविली. ते आता रात्री बहुधा झोपतात. महामार्गाने मात्र अद्याप जात नाहीत.