हिपॅटायटिस सी : एकदाच्या तपासणीने भागत नाही

१९८९ मध्ये हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला, आणि चढवलेले रक्त व एकमेकांच्या सुया एवढाच त्याचा मार्ग मानला गेला. स्त्री-पुरुष जोडप्यांत तो लैंगिक संबंधातून क्वचितच जातो, म्हणून ही समजूत टिकली. २००० नंतर मात्र लंडन, पॅरिस, ॲम्स्टरडॅममध्ये सुईने नशा न करणाऱ्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या समलिंगी पुरुषांत नवे संसर्ग आढळू लागले. गुदमार्गाच्या नाजूक आवरणाला होणाऱ्या जखमा, सिफिलिसचे व्रण आणि नशेत लांबलेले सामूहिक संबंध ही कारणे पुढे आली. पण हे कळले कशामुळे? एचआयव्हीच्या दवाखान्यांत यकृताची तपासणी नियमित होत असे, म्हणून.

परदेशात असेल, नागपुरात हा प्रश्न नाही, असे कोणी म्हणेल. पण सुरुवातीला लक्षणेच न देणारा आजार तपासल्याशिवाय दिसणार कसा? २०२२ मध्ये याच शहरात रक्त चढवलेल्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याचे उघड झाले. ताजा संसर्ग सुरुवातीच्या काळात प्रतिपिंड चाचणीतून निसटू शकतो, हे तेव्हा चर्चेत आले. हिपॅटायटिस सीचेही तसेच आहे. दुसरा आक्षेप असा, की समलिंगी पुरुषांना वेगळे काढून तपासले तर बदनामी होईल. तो खरा आहे. म्हणूनच लैंगिकतेबद्दल कोणाला काही न विचारता, एचआयव्हीवर उपचार देणाऱ्या एआरटी केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाची दरवर्षी तपासणी व्हावी. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची टांगती तलवार ६ सप्टेंबर २०१८ रोजी दूर झाली, तरी डॉक्टरांपुढे बोलण्याचा संकोच न्यायालयाच्या निकालाने संपत नाही.

पैशांची अडचणही आता राहिलेली नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या हिपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व गोळ्या मोफत आहेत. बहुतेकांना बारा आठवड्यांचे उपचार पुरतात आणि शंभरात पंचाण्णवांहून अधिक जण बरे होतात. नेदरलँड्समध्ये ही औषधे सर्वांना खुली झाल्यावर २०१४ ते २०१६ या काळात एचआयव्हीसह जगणाऱ्या समलिंगी पुरुषांतले नवे संसर्ग निम्म्यावर आले. मात्र बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो, लसही नाही. शिवाय प्रतिपिंडे बरे झाल्यावरही रक्तात राहतात, त्यामुळे अशांची विषाणूचीच चाचणी हवी. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतील एआरटी केंद्रांनी ही वार्षिक तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीतच धरावी.