भंडारातला लाखी रुपया

घाटकोपरच्या आमच्या देरासरात महिन्यातून एकदा भंडार उघडतात. नोटा एकीकडे आणि नाणी एकीकडे अशा राशी होतात. आम्ही पाच-सहा जण सतरंजीवर बसून त्या मोजतो. ज्या व्यापाऱ्यांना दुकानासाठी मोड हवी असते ते नोटा देऊन नाणी घेऊन जातात. पेढीची बँकेची खेप वाचते आणि दुकानदाराला सुटे पैसे मिळतात. गेली पंधरा वर्षे मी या मोजणीला बसतो आणि किराणा दुकानासाठी हजार-दोन हजारांची मोड घेतो. मला नाणी जमवण्याचा छंद आहे. त्यामुळे मोजता मोजता माझी नजर प्रत्येक नाण्याचे साल आणि टांकसाळीचे चिन्ह टिपत असते. मंडळींमध्ये त्याची थट्टाही होते.

दोन वर्षांपूर्वी, चातुर्मासाच्या आरंभी, अशाच मोजणीत एक रुपया बोटांना निराळा लागला. १९९२ ते २००४ या काळात निघालेला पोलादी रुपया तो, वजन ४.८५ ग्रॅम, व्यास २५ मिलिमीटर. एका बाजूस रुपयाचा आकडा, दोन्ही अंगांस धान्याच्या ओंब्या, खाली १९९८ हे साल आणि त्याखाली मुंबई टांकसाळीचे हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह. नाणे उलटले, तर तेथे सिंहमुद्रा नव्हती. तोच आकडा, त्याच ओंब्या, तेच साल, पण सारे खोलगट आणि आरशात दिसावे तसे उलटे. संग्राहक ज्याची आयुष्यभर वाट पाहतात, ते 'लाखी' नाणे माझ्या तळहातावर होते.

आपल्या व्यापारी कुटुंबांना हा शब्द नवा नाही. टांकसाळ दर लाख नाण्यांमागे असे एक नाणे मुद्दाम पाडते आणि ते गल्ल्यात असले की बरकत येते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आमच्या आजोबांच्या तिजोरीतही असा एक तांब्याचा पाव आणा होता. एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचे मुख उठावाचे, दुसऱ्या बाजूस तेच मुख खोलगट. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी तो चोपड्यांवर ठेवला जाई. माझ्या छंदाचे मूळ त्या पाव आण्यातच आहे.

वस्तुतः यात टांकसाळीचा हेतू काहीच नसतो, असते ती केवळ चूक. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापल्या जातात, त्यांचे काठ उचलले जातात आणि मग एकेक चकती खालच्या व वरच्या ठशांमध्ये येऊन दाबली जाते. छाप उठताच नाणे बाहेर पडावे लागते. क्वचित ते बाहेर न पडता एका ठशालाच चिकटून राहते. पाठोपाठ आलेल्या चकतीवर मग एका बाजूने खरा ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूने त्या चिकटलेल्या नाण्याचीच प्रतिमा उमटते, म्हणूनच ती खोल आणि उलटी. पहिल्या दाबातले लाखी नाणे रेखीव असते. चिकटलेले नाणे तसेच राहिले तर पुढची प्रतिमा पसरत आणि विरत जाते. तपासणीत अशी नाणी वेगळी काढून वितळवली जातात. जी नजर चुकवून पिशवीत जातात तेवढीच आपल्यापर्यंत पोहोचतात. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेसमोर उभी असलेली आपली टांकसाळ १८२९ पासूनची आहे. तेथून निघालेल्या अगणित नाण्यांत असे एखादे निसटणे स्वाभाविकच म्हणायचे.

तो रुपया मी त्या दिवशी इतर नाण्यांत मिसळला, दोन हजारांच्या नोटा मोजून दिल्या आणि पिशवी घेऊन घरी आलो. कोणाला काही बोललो नाही.

घरी आल्यावर शेजारच्या सराफाच्या काट्यावर वजन केले. ते बरोबर भरले. भिंगाखाली पाहिले. बाजारात बनावट लाखी नाणी बरीच फिरतात. दोन नाणी एकावर एक ठेवून वाईसमध्ये दाबली की एकाचा ठसा दुसऱ्यावर उमटतो, पण त्या ठशाखाली मूळ छापाच्या रेषा उरतात आणि मागची बाजू चेपलेली दिसते. काही कारागीर दोन नाणी लेथवर कोरून एकात एक बसवतात. तेथे काठाजवळ बारीक सांधा सापडतो आणि वजन चुकते. माझ्या नाण्यात यांपैकी काहीच नव्हते. फोर्टमधील एका जुन्या जाणकार व्यापाऱ्याने ते अस्सल ठरवून दोन हजार रुपयांच्या आसपास किंमत सांगितली.

येथे वाचकांना एक सावधगिरी सांगणे अगत्याचे वाटते. जुन्या किंवा सदोष नाण्याला लाखो रुपये मिळतात असे संदेश भ्रमणध्वनीवर सतत येतात. किंमत देण्यापूर्वी 'शुल्क' किंवा 'कर' मागितला जातो आणि तो भरला की समोरचा नाहीसा होतो. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून होणाऱ्या अशा फसवणुकीविरुद्ध खुद्द बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले होते. अस्सल नाण्याची किंमत जाणकाराच्या हातातच ठरते आणि बहुधा ती आपल्या कल्पनेहून बरीच कमी असते.

दोन हजार ही रक्कम व्यापारी माणसाला मोठी नव्हे. तरीही त्या रात्री मी नाणे आल्बममध्ये लावले नाही. बाला दाखवले. वयाची ऐंशी ओलांडलेल्या बाने ते उलटसुलट करून पाहिले आणि एवढेच विचारले, "हे भंडारातलं ना?" मी म्हणालो, "रुपयाला रुपया दिला आहे, बा." ती म्हणाली, "दिलास खरा. पण देवाचं आपल्या घरात वाढायला नको रे."

देवद्रव्याचा विषय आपल्या घरांत लहानपणापासून कानांवर पडतो. परंतु माझ्या मनात युक्तिवाद तयार होते. नाणे ओळखायला नजर लागते आणि ती नजर मी तीस वर्षे कमावली आहे. पेढीने ते बँकेत भरले असते तर कोणालाच काही मिळाले नसते. मुलुंडच्या एका संग्राहक मित्रानेही हेच म्हटले, की शोध ज्याचा, वस्तू त्याची. भाजीवाल्याकडून आलेल्या मोडीत ते सापडले असते, तर कदाचित मीही तेथेच थांबलो असतो.

चार दिवसांनी उपाश्रयात महाराजसाहेबांपुढे सारे सांगितले. त्यांनी देवद्रव्यावर व्याख्यान दिले नाही. फक्त विचारले, "हे साधे नाणे नाही, हे तुम्हाला केव्हा समजले? पैसे देण्यापूर्वी की नंतर?"

या प्रश्नाला माझ्याजवळ एकच उत्तर होते.

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. त्यांतील खोट्या वजनमापांचा अतिचार आपण दुकानदार नेहमी काट्याशी जोडतो, आणि माझ्या दुकानातला काटा चोख आहे. पण त्या दिवशी सतरंजीवर एकाच नाण्यासाठी माझ्याजवळ दोन मापे होती. पेढीसाठी एक रुपयाचे आणि माझ्यासाठी संग्राहकाचे. दुसरे माप मी झाकून ठेवले होते.

याच सुमारास ठक्कुर फेरू यांची आठवण झाली. श्रीमाळ कुळातील हे जैन श्रावक अल्लाउद्दीन खिलजीच्या काळापासून दिल्लीच्या राजकारभारात होते. टांकसाळीतील अनुभवावर त्यांनी १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला. देशोदेशींच्या नाण्यांची वजने, त्यांतील सोन्या-चांदीचे प्रमाण आणि दिल्लीच्या चलनात होणारे मोल त्यात नोंदले आहे. अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांनी त्याची हस्तलिखित प्रत उजेडात आणली आणि १९६१ मध्ये जोधपूरहून ती छापून प्रसिद्ध झाली. हा ग्रंथ फेरूंनी आपल्या भावासाठी आणि मुलासाठी लिहिला. सराफाची विद्या म्हणजे इतरांना न कळणारे मोल कळणे. ते लपवून नफा काढता येतो आणि उघड करून व्यवहारही करता येतो. फेरूंनी ते लिहून ठेवले.

दुसऱ्या दिवशी नाणे घेऊन पेढीवर गेलो. मुनीमजी हसले. म्हणाले, "भाई, हिशेब मिटला आहे. एका रुपयासाठी वही कुठे उघडू?" मी त्यांना सारे सांगितले, ओळखून गप्प राहिलो हेही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वही उघडली.

विश्वस्तांनी नाण्याचे वर्णन संग्राहकांमध्ये कळवून बंद पाकिटांत किमती मागवल्या. मीही पाकीट दिले. फोर्टमध्ये सांगितलेल्या किमतीपेक्षा माझा आकडा अधिक होता, तरी बोरिवलीच्या एका संग्राहकाचा आकडा त्याहून मोठा निघाला. रक्कम भंडारात जमा झाली आणि नाणे बोरिवलीला गेले. खोटे कशाला सांगू, त्या दिवशी जीव हळहळला. आल्बममधला तो कप्पा अजून रिकामा आहे. तेथे मी फक्त एक चिठ्ठी ठेवली आहे : साल १९९८, मुंबई टांकसाळ, वजन ४.८५ ग्रॅम.

पुढल्या मोजणीला मी सर्वांना आधीच सांगितले की काही निराळे नाणे दिसले तर बाजूला काढून दाखवीन. आता ती रीतच झाली आहे. मुलेही भिंग घेऊन बसतात.

त्या दिवाळीत वहीपूजनाला आजोबांचा पाव आणा चोपड्यांवर ठेवला, तेव्हा धाकट्याने विचारले, "हा आपल्याकडे कुठून आला?" बाला ठाऊक नव्हते. मलाही नाही. इतकी वर्षे आम्ही त्याची पूजा केली, पण हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला पडला नव्हता.