कात्रजच्या मातीत काय वाजतं?

रस्त्यावर नवं डांबर पडलं की कात्रजच्या वस्त्यांमध्ये हमखास एक शोध सुरू होतो. पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण कुठे गेलं? चावीवाल्याला जागा अंदाजानं ठाऊक असते, त्या खांबाच्या अलीकडे, किराणा दुकानाच्या समोर. पण ‘समोर’ म्हणजे नेमकं कुठे, हे पहार मारून ठरवायचं तर नव्या रस्त्याला चार-पाच भोकं पडणार. अशा वेळी एखादा प्लंबर टेम्पोतून लांब दांड्याचं यंत्र बाहेर काढतो. दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती. जमिनीपासून दोन बोटं वर धरून तो ती डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे, अंगण झाडल्यासारखी फिरवत पुढे सरकतो. आधी नुसती किरकिर, मग मध्येच एक भरदार सूर. “मामा, जरा अलीकडं व्हा, बुटाला खिळे आहेत तुमच्या,” असं म्हणत तो काटकोनात वळतो आणि तीच जागा आडवी तपासतो. उभ्या आणि आडव्या फेरीत सूर जिथे सर्वांत मोठा, तिथे खडूची फुली. छिन्नीचे चार घाव बसतात आणि डांबराच्या थराखालून बिडाचं झाकण डोकं वर काढतं.

मेटल डिटेक्टर म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर गुप्तधन येतं. कात्रजसारख्या वाढत्या उपनगरात त्याची खरी कामं मात्र ही अशी आहेत. बुजलेली झाकणं शोधणं, जेसीबीचा दात बसण्याआधी जमिनीखालची केबल हेरणं, भिंतीत ड्रिल घुसवण्याआधी सळई कुठे आहे ते पाहणं, मंदिराच्या दारात गर्दी तपासणं, गाईच्या पोटातली तार शोधणं. प्रत्येक कामाचं यंत्र वेगळं, आणि एकाचं यंत्र दुसऱ्याला सहसा चालत नाही. इथेच खरेदी करणारे फसतात.

याच कात्रजमध्ये या यंत्राची मर्यादा फार सुंदर दिसते. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबिल ओढ्याचं पाणी अडवलं आणि जमिनीखालून बांधीव नळ काढून ते थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पंप नाही, इंजिन नाही. केवळ उतारावर चालणारी व्यवस्था. वाटेत हवा सुटावी, गाळ बसावा म्हणून उच्छ्वास बांधले आणि पेठांमध्ये हौद. या नळात माणूस उतरू शकेल एवढी जागा आहे. एवढं मोठं बांधकाम पायाखाली असताना वरून मेटल डिटेक्टर फिरवला, तर तो हूं की चूं करत नाही. कारण नळ दगडाचा, विटांचा आणि चुन्याचा. आजच्या काळ्या एचडीपीई पाइपाचंही तेच. तो प्लॅस्टिकचा, म्हणून पाइप टाकतानाच त्याच्यासोबत तांब्याची तार किंवा धातूची पट्टी असलेली इशाऱ्याची फीत पुरावी लागते. ती पुरली नसेल तर दहा वर्षांनी तो पाइप शोधणाऱ्याच्या हाती डिटेक्टर असून नसल्यासारखाच. अशा ठिकाणी जमिनीत रेडिओ लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारं जीपीआर यंत्र लागतं. त्याचं भाडंही भारी आणि त्याचं चित्र वाचायला जाणकारही लागतो.

चकतीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट होणारा वीजप्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते स्वतःचं क्षीण क्षेत्र परत पाठवतात. दुसरं वेटोळं ते टिपतं. परत आलेला संकेत किती मागे रेंगाळला यावरून यंत्र अंदाज बांधतं की खाली लोखंड आहे की तांबं-चांदी. अंदाजच. सोन्याची नाजूक अंगठी आणि शीतपेयाच्या कॅनची ॲल्युमिनिअमची कडी यांचे संकेत इतके सारखे येऊ शकतात की पडद्यावरचा आकडा पाहून ‘कचरा’ म्हणून सोडलेली वस्तू अंगठी निघू शकते. कात्रज ते सिंहगड रात्रीच्या भटकंतीत कुणाची अंगठी गवतात पडली, तर ती शोधणाऱ्यानं ‘फक्त सोनं’ असलं बटण शोधू नये. लोखंड तेवढं वगळावं, बाकी प्रत्येक सूर उकरून पाहावा.

याच तत्त्वाचा एक प्रसिद्ध फसलेला प्रयोग १८८१ सालचा आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात गोळी अडकली होती आणि टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिचा ठाव घ्यायला यंत्र घेऊन गेले. यंत्र चाललं नाही. पलंगाच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या, शिवाय डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली. आज घराच्या भिंतीवर छोटा डिटेक्टर फिरवणाऱ्या इलेक्ट्रिशियनचीही अडचण तीच असते, शोधतोय वायर आणि वाजतेय सळई.

पुण्याच्या परिसरात आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे जमीन स्वतः. कात्रजचा घाट, भोवतीच्या टेकड्या, त्यांच्यावरची काळी-तांबडी माती हे सगळं काळ्या पाषाणाचं, म्हणजे बेसॉल्टचं लेकरू. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून दख्खनचा हा खडक बनला आणि त्याच्यात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं आहेत. टेकडीवरच्या मातीत लोहचुंबक फिरवला तर त्याला काळी पूड चिकटते. ही पूड डिटेक्टरला धातूसारखीच भासते. परदेशातल्या भुसभुशीत शेतजमिनीवर वीस-पंचवीस सेंटिमीटर खोलीवरचं नाणं सांगणारं यंत्र इथे त्याच्या निम्म्या खोलीलाही बडबडायला लागतं.

म्हणून इथल्या ग्राहकानं विक्रेत्याला पहिला प्रश्न खोलीचा विचारू नये. ‘ग्राउंड बॅलन्स’ हातानं करता येतो का, हे विचारावं. म्हणजे धातू नसलेल्या जागेवर चकती खाली-वर हलवून यंत्राला ही माती ओळखायला शिकवायचं, मग ते मातीचा आवाज वजा करून ऐकतं. शंभर पावलांवर माती बदलली तर पुन्हा शिकवायचं. संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेण्याचा मोह टाळावा. थोडी कमी केलेली, पण शांत असलेली सेटिंग जास्त खोल ऐकते, कारण माणसाच्या कानाला खरा सूर निवडता येतो. चकतीचे दोन सामान्य प्रकार मिळतात. एकात वेटोळी एकात एक गोल असतात, दुसऱ्यात इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून बसवलेली. खनिजांच्या मातीत हा दुसरा, ‘डबल डी’ प्रकार अधिक संयमी. चकती मोठी घेतली की मोठी वस्तू खोलवरून कळते, पण छोटी वस्तू निसटते. ज्या जागेत खिळे, बुचं, तारांचे तुकडे विखुरलेत तिथे छोटी चकती बरी.

स्पंदनावर चालणारी, ‘पल्स’ प्रकारची यंत्रं या मातीला फारशी जुमानत नाहीत. पण ती लोखंड आणि इतर धातू यांत भेद करण्यात कच्ची असतात. बिडाचं झाकण किंवा लोखंडी पाइप शोधायचा असेल तर तो दोषच नाही.

आता खोलीबद्दल. वस्तू दुप्पट खोल गेली की परतीचा संकेत निम्मा होत नाही, कित्येक पटींनी विझतो. त्यामुळे ‘दहा मीटर खोलवरचं सोनं दाखवतो’ अशी जाहिरात असलेलं, दोन अँटेना पुढे काढलेलं आणि चकतीच नसलेलं यंत्र दिसलं, तर पाकीट खिशातच ठेवावं. ब्रिटनच्या जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या माणसानं असंच एक हातात धरायचं, वर दांडी डोलणारं उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं. मुळात ते गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं होतं. तपासणी नाक्यांवर जवान त्याच्या भरवशावर गाड्या सोडत राहिले. २०१३ साली मॅककॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. गेलेले जीव मात्र त्या निकालानं परत आले नाहीत.

जोडसाहित्यात पैसे कुठे घालावेत? सर्वांत आधी पिनपॉइंटरवर. गाजराएवढं हे हातयंत्र खड्ड्यात घातलं की ढेकळात नाणं नेमकं कुठल्या बाजूला आहे ते टोकाशी कळतं, आणि वीतभर रुंद खड्ड्याऐवजी तीन बोटांची भेग पुरते. दुसरे हेडफोन. घाटातल्या वाहतुकीच्या गोंगाटात खोलवरचा पुसट सूर त्यांच्याशिवाय कानावर येत नाही. चकतीचं प्लॅस्टिकचं आवरण स्वस्त आणि उपयोगी, कारण इथला खडक चकतीचं बूड खरवडतो. खुरपं चांगल्या पोलादाचं, कडा घासलेली नसावी. बाकी पिशव्या, हातमोजे, दिवे ज्याच्या त्याच्या सोयीनं.

दारातल्या चौकटीची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०१०मध्ये कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, त्यानंतर पुण्यात मॉल आणि मंदिरांच्या दारांत अशा चौकटी नजरेला सरावल्या. चौकट लोखंडी शटरला किंवा लिफ्टला खेटून उभी केली तर ती विनाकारण वाजते. मग पहारेकऱ्याला आवाजाकडे दुर्लक्ष करायची सवय लागते, आणि ही सवय चौकट नसण्यापेक्षा घातक. चौकट दूर हलवावी, रोज सकाळी ठरलेला धातूचा तुकडा कमरेला, घोट्याला, खांद्याला लावून तिची परीक्षा घ्यावी. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी तसं आधी सांगावं. त्यांच्या छातीवर हातातला डिटेक्टर रेंगाळू देऊ नये.

आणि गाई. कात्रजचं नाव घराघरांत पोचलं ते पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाच्या पिशवीमुळे. त्या दुधामागच्या गोठ्यांत कडब्यासोबत तारेचा तुकडा किंवा खिळा जनावराच्या पोटात जातो, जाळीदार पोटात अडकतो आणि पुढे पडद्यातून हृदयाकडे घुसू शकतो. गाय चारा सोडते, पाठीची कमान करते, दूध एकदम खाली येतं. पशुवैद्यक डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या भागावर डिटेक्टर फिरवतात. तो वाजला म्हणून आजार सिद्ध होत नाही, कारण कित्येक धडधाकट गाईंच्या पोटातही लोखंड पडून असतं. डॉक्टर तो पुरावा लक्षणांशी जुळवून पाहतात. उपाय म्हणून गुळगुळीत लोहचुंबक गिळायला देतात. तो त्याच पोटात राहतो आणि खिळे स्वतःकडे ओढून धरतो. या गाईला आधी चुंबक दिलाय का, हे ओळखायला डॉक्टर साधं होकायंत्र अंगाजवळ धरतात, सुई वळली की उत्तर मिळतं.

उरलं गुप्तधन. २०२५च्या मार्चमध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या पायथ्याशी माणसं रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरायला जमली. हे बेकायदा तर आहेच, दुःखाचंही आहे. १८७८चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मालक सिद्ध झाला नाही आणि तो ठेवा वाटून द्यायचं ठरलं, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. लपवला तर वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. संरक्षित गड, लेणी, पांढरीची टेकाडं इथे परवानगीशिवाय खोदणं हा वेगळा गुन्हा.

२०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या खोदाईत मोगल काळातली २१६ सोन्याची नाणी आणि एक कांस्याचं भांडं निघालं. मजुरांनी ते घरी नेलं, पोलिसांनी तिथून ताब्यात घेतलं. सोनं वाचलं. पण भांडं मातीच्या कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, कुणाच्या घराच्या जोत्याखाली होतं, हे खड्ड्यातून उचलल्या क्षणी पुसलं गेलं.

१६ नोव्हेंबर १९९२ला इंग्लंडच्या हॉक्सन गावात याच्या उलट घडलं. एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली आणि ती शोधून द्यायला त्यानं एरिक लॉझ या मित्राला बोलावलं. लॉझच्या डिटेक्टरखाली सोन्या-चांदीची रोमन नाणी आणि चमचे लागले. थोडं उकरताच तो थांबला, सारं तिथेच ठेवून वर्दी दिली. पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्या दिवशी मातीसकट ठेवा उचलला, म्हणून तो लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता ते कळू शकलं. सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. हातोडीही सापडली आणि ती ब्रिटिश म्युझियमला देण्यात आली.