पिल्लाचा डोळा चिकटलाय? आधी शेडमधला वास घ्या

नागपुरात थंडीत पारा 10 अंशांखाली गेला की कोंबडीपालक शेडचे पडदे घट्ट बांधतात. बरोबरच आहे, पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण 35 अंशांची ऊब लागते. पण हवा कोंडली आणि खालचं तूस ओलं झालं, की विष्ठेतून अमोनिया सुटतो. पिल्लांचे डोळे चुरचुरतात, पाणावतात, चिकटतात. उभ्याने वास येत नसेल, तर पिल्लांच्या उंचीपर्यंत वाकून बघा.

असं पिल्लू वेगळं ठेवा. 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घाला, त्यात बुडवलेल्या कापसाने चिकटा भिजवा; ओढू नका. ओलं तूस बदला, पडदा वरून थोडा उघडा. घरातले जुने आय ड्रॉप्स मात्र नकोत. त्यात स्टेरॉइड असेल तर संसर्ग चिघळतो.

शिंका आणि फेसाळ डोळे असतील तर मायकोप्लाझ्माची शंका घ्यावी. औषध पशुवैद्यकच ठरवतील. पापण्यांवर खपल्या म्हणजे बहुधा देवी, आणि त्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

चेहरा सुजून पक्षी पटापट मरत असतील, तर हात न लावता 1962 वर फोन करा. डिसेंबर 2024 मध्ये गोरेवाड्यातले 3 वाघ आणि 1 बिबट्या बर्ड फ्लूनेच दगावले होते.